शॅमेलिऑनच्या पाठीवर किती ऊन पडतंय? यूव्हीबी दिवा नीट लावण्याची माहिती

पाळलेला शॅमेलिऑन, म्हणजे रंग बदलणारा आणि लांब जिभेने किडे टिपणारा सरडा, आजारी आहे हे पुष्कळदा त्याच्या जिभेवरून कळतं. किडा समोर असतो, दोन्ही डोळे त्याच्यावर रोखलेले असतात, तोंड उघडतं, जीभ थोडीशी बाहेर येते आणि तिथेच अडकते. पुढे फांदीवरची पकड सैल पडते, पाय धनुष्यासारखे वाकतात, खालचा जबडा बोटाने हलकेच दाबला तर रबरासारखा लवतो. लहान मुलांना मुडदूस होतो तसाच हा प्रकार. एक तर कॅल्शियम पोटात गेलेलं नसतं, नाहीतर गेलेलं अंगी लागलेलं नसतं.

वाईट याचं वाटतं की हे दिवा असलेल्या पिंजऱ्यातही होतं. खोक्यावर ‘यूव्हीबी’ छापलेला दिवा आणलेला असतो, तो जाळीवर ठेवलेला असतो, लख्ख उजेड पडत असतो आणि घरच्यांना वाटतं की काम झालं. यूव्हीबी म्हणजे उन्हातले एका जातीचे अतिनील किरण, ज्यांच्यामुळे कॅल्शियम अंगी लागतं. ते डोळ्यांना दिसत नाहीत. दिवा कितीही झगझगीत असला तरी त्यातून यूव्हीबी शून्य येऊ शकतं, आणि मंद दिसणाऱ्या दिव्यातून भाजेल इतकं येऊ शकतं. म्हणून दिवा कुठला आणला याच्याही आधी एक प्रश्न विचारायला हवा: प्राणी जिथे बसतो त्या फांदीवर, त्याच्या पाठीवर, किती यूव्हीबी पडतं?

हा लेख घरात जास्त पाळल्या जाणाऱ्या दोन प्रजाती डोळ्यांसमोर ठेवून लिहिला आहे. एक येमेनी शॅमेलिऑन, ज्याला डोक्यावरच्या उंच तुऱ्यामुळे व्हेल्ड म्हणतात. तो येमेन आणि नैर्ऋत्य सौदी अरेबियाच्या डोंगराळ भागातला. दुसरा मादागास्करचा पॅन्थर. आपल्याकडच्या रानात दिसणारा घोयरा सरडाही शॅमेलिऑनच, पण तो वन्यजीव संरक्षण अधिनियम १९७२ खाली संरक्षित आहे. त्याला उचलून घरी आणणं गुन्हा आहे आणि त्याच्यासाठी हा लेख वापरायचा नाही. येमेनी आणि पॅन्थर या दोन्ही प्रजाती साइट्स या वन्यजीवांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावरच्या कराराच्या परिशिष्ट २ मध्ये येतात, त्यामुळे भारतात त्या पाळणाऱ्याने केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाच्या परिवेश पोर्टलवर नोंदणी करायची असते. प्राणी घ्यायच्या आधीच त्याचे कागद पाहून घ्या.

ऊन हाडापर्यंत कसं पोहोचतं

अतिनील किरणांमधल्या साधारण २८० ते ३१५ नॅनोमीटरच्या पट्ट्याला यूव्हीबी म्हणतात. हे किरण कातडीवर पडले की कातडीतल्या कोलेस्टेरॉलच्या जातीच्या एका द्रव्याचं ड जीवनसत्त्वाच्या पूर्वरूपात रूपांतर होतं. इथपर्यंतचं काम किरणांचं. पूर्वरूपापासून खरं ड-३ तयार व्हायला उष्णता लागते आणि काही तास जातात. मग यकृतात एक आणि मूत्रपिंडात दुसरा बदल झाला की ते कामाचं होतं, आणि तेव्हा कुठे आतडी अन्नातलं कॅल्शियम नीट शोषतात. यूव्हीबी भरपूर पण प्राणी गारठलेला असेल, तर साखळी मधेच मंदावते. दिव्याची आणि उबेची जागा एकच असावी असं पुढे म्हटलं आहे ते यासाठी.

रक्तातलं कॅल्शियम कमी पडलं तर हृदय आणि स्नायू थांबतील, म्हणून शरीर ते हाडांतून काढून घेतं. महिनोन्‌महिने हे चाललं की हाडं पोकळ आणि लवचीक होतात. जीभ फेकण्याचं कामही घशातल्या एका हाडाच्या आणि स्नायूंच्या जोरावर चालतं, त्यामुळे तिचा नेम आधी जातो. मादीच्या पोटात अंडी असतील तर ती बाहेर ढकलायला स्नायूंना जोर उरत नाही, आणि त्यात ती दगावू शकते.

किरणांनी तयार होणाऱ्या ड-३ ची एक फार मोलाची गोष्ट म्हणजे ते प्रमाणाबाहेर जात नाही. जास्तीचं पूर्वरूप त्याच किरणांनी निरुपद्रवी द्रव्यांत बदलतं. पावडरीतून पोटात गेलेल्या ड-३ ला असा अटकाव नसतो. ते साठत जातं आणि शेवटी कॅल्शियम मूत्रपिंडात आणि रक्तवाहिन्यांत जमायला लागतं. ‘दिव्याचा खर्च कशाला, ड-३ ची पावडर देऊ’ हा सल्ला दुकानांत अजून ऐकू येतो. तो मानू नका.

फांदीवर किती यूव्हीबी हवं: तीन हा आकडा कुठून आला

हवामानाच्या ॲपमध्ये दिसणारा यूव्ही निर्देशांक, म्हणजे यूव्हीआय, हेच इथलं माप. पहाटे तो शून्य असतो, आणि आपल्याकडे एप्रिलच्या निरभ्र दुपारी दहाच्या वर सहज जातो.

टेक्सासमधले प्राणिशास्त्रज्ञ गॅरी फर्ग्युसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी रानातले सरडे आणि साप ज्या ठिकाणी बसलेले सापडले तिथलाच यूव्हीआय मोजला आणि २०१० मध्ये त्यावरून प्राण्यांचे चार गट मांडले. पहिला गट सावलीत किंवा तिन्हीसांजेला वावरणाऱ्यांचा, चौथा भर उन्हात बसणाऱ्यांचा. आपले हे दोन शॅमेलिऑन साधारण तिसऱ्या गटात धरतात: दिवसाची सरासरी १ ते २.६, आणि अधूनमधून त्याहून बरंच जास्त. यावरून आणि पाळणाऱ्यांच्या अनुभवावरून ऊब घ्यायच्या फांदीवर यूव्हीआय ३ ठेवायचा प्रघात पडला. २.५ ते ३.५ मध्ये कुठेही असला तरी चालतं.

याच संशोधकांनी पॅन्थरवर केलेले प्रयोग मला सगळ्यात महत्त्वाचे वाटतात. अन्नातून ड-३ कमी मिळालेले पॅन्थर आपण होऊन यूव्हीबीखाली जास्त वेळ बसले, आणि पुरेसं मिळालेले कमी वेळ. म्हणजे आपल्याला किती हवं याचा अंदाज प्राण्याला असतो, फक्त निवड करायला जागा हवी. पिंजऱ्यात वर ३, मधल्या पानांत १ आणि खाली दाट झाडीत जवळपास शून्य असा उतार मिळाला तर तो आपला हिशेब आपण सांभाळतो. पिंजऱ्यात सगळीकडे सारखंच ३ असेल तर त्याला पळायला जागाच नाही.

दिवा कोणता

सरळ नळीचा टी-५ हाय आउटपुट (एचओ) दिवा, आणि त्याच्यामागे चकचकीत ॲल्युमिनियमचा रिफ्लेक्टर. बाकी पर्याय का नाहीत ते थोडक्यात.

गुंडाळीचा सीएफएलसारखा दिवा जवळ तीव्र आणि थोडं दूर गेलं की अगदीच फिका. त्याचा झोत एका पेल्याएवढ्या जागेत पडतो. शॅमेलिऑनचं डोकं त्यात आलं तर शेपटी बाहेर राहते. २००० च्या दशकात अशा काही दिव्यांतून सूर्यप्रकाशात नसणारी आखूड लांबीची किरणंही बाहेर पडत होती आणि प्राण्यांचे डोळे सुजले होते. पाऱ्याच्या वाफेचा मोठा बल्ब उष्णता आणि यूव्हीबी एकदमच देतो, त्यामुळे एक वाढवलं की दुसरंही वाढतं. रखरखीत प्रदेशातल्या सरड्यांना तो चालतो, शॅमेलिऑनला फार गरम. यूव्हीबी एलईडी आता मिळायला लागले आहेत, पण त्यांचा वर्णपट सूर्यासारखा सलग नसतो आणि नेहमीचं मीटर त्यांच्यावर खोटा आकडा दाखवू शकतं. तूर्त नळीच बरी.

‘फुल स्पेक्ट्रम’, ‘डेलाइट’, ‘रेप्टाइल बल्ब’ असं लिहिलेले निळे किंवा लाल बल्ब यूव्हीबी देत नाहीत. ‘ब्लॅकलाइट’ फक्त यूव्हीए, म्हणजे यूव्हीबीहून जास्त लांबीचे अतिनील किरण देतो. आणि एक गोष्ट जिवावर बेतणारी: पाणी शुद्ध करायला किंवा खोली निर्जंतुक करायला वापरतात ती यूव्ही नळी ही यूव्हीसीची, म्हणजे यूव्हीबीहून आखूड लांबीच्या घातक किरणांची असते. दिसायला तशीच पातळ आणि पारदर्शक, किंमत कमी. ती लावली तर प्राण्याचे आणि तुमचेही डोळे काही मिनिटांत भाजतात. ‘यूव्ही’ एवढंच बघून काहीही विकत घेऊ नका.

नळीवर ५.०, ६%, १०.०, १२% असे आकडे असतात. हा त्या नळीच्या प्रकाशातला यूव्हीबीचा वाटा. एकूण जोर त्यावरून कळत नाही. ६% ची जाड टी-८ नळी आणि ६% ची टी-५ एचओ नळी यांच्या जोरात जमीन-अस्मानाचा फरक असतो. टी-८ चा व्यास २६ मिलिमीटर आणि टी-५ चा १६, त्यामुळे बघूनही ओळखता येतात. नेहमीच्या पिंजऱ्याला ५.० किंवा ६% ची टी-५ एचओ घ्या. १०-१२% ची नळी फार उंच पिंजऱ्यांसाठी ठीक, पण हातात मीटर नसेल तर ती लावू नये.

पट्टी आणि चोक: इथे सगळ्यात जास्त फसगत होते

टी-५ एचओ नळी ५५ सेंटिमीटरची २४ वॅटची, ८५ सेंटिमीटरची ३९ वॅटची आणि ११५ सेंटिमीटरची ५४ वॅटची असते. गंमत अशी की टी-५ चा दुसरा, कमी जोराचाही एक प्रकार आहे, आणि त्याच्या नळ्या नेमक्या याच लांबीच्या असतात: ५५ सेंटिमीटरला १४ वॅट, ११५ ला २८ वॅट. टोकाच्या पिनाही सारख्याच. त्यामुळे १४ वॅटच्या पट्टीत २४ वॅटची यूव्हीबी नळी बिनदिक्कत बसते आणि पेटतेही. पण आतला इलेक्ट्रॉनिक चोक तिला पुरेसा प्रवाह देत नाही. उजेड थोडा कमी दिसतो, यूव्हीबी बरंच कमी येतं, आणि कुणाला शंका येत नाही. पट्टीच्या मागच्या लेबलवर ‘२४ वॅट’ आणि ‘एचओ’ हे दोन्ही शब्द स्वतः वाचा.

इलेक्ट्रिकच्या दुकानात ‘टी-५ पट्टी’ मागितली तर आज हमखास एलईडीची पट्टी हातात मिळते. तिच्यात ही नळी बसत नाही. मत्स्यालयाच्या झाडांसाठी विकली जाणारी एचओ पट्टी मात्र चालते, रिफ्लेक्टर चांगला असेल तर उत्तमच. समोर काचेचं किंवा ॲक्रिलिकचं झाकण असेल तर ते काढून टाका. साधी काच आणि प्लास्टिक यूव्हीबी जवळजवळ पूर्ण अडवतात.

अमेरिकेतल्या नातेवाइकाकडून पट्टी मागवणार असाल तर आधी व्होल्टेज विचारा. तिथली पट्टी १२० व्होल्टची असते, आपल्या २३० व्होल्टच्या बोर्डात घातली की चोक जळतो. लंडन किंवा जर्मनीहून आलेली चालते, फक्त प्लग बदलावा लागतो. नळी एकटीच आणायची असेल तर कुठल्याही देशातून चालेल, वॅट आणि लांबी जुळली की झालं. व्होल्टेजचा प्रश्न चोकचा आहे, नळीचा नाही.

पिंजऱ्यावर बसवताना

समजा पिंजरा ६० सेंटिमीटर लांब, ६० रुंद आणि १२० उंच आहे, चारी बाजूंनी आणि वरून जाळीचा. मोठ्या शॅमेलिऑनला याहून लहान नको.

पट्टी जाळीच्या छतावर आडवी, पूर्ण लांबीभर ठेवा. खाली बरोबर तिच्या रेषेत एक आडवी फांदी बांधा, अंगठ्याएवढी जाड, प्राण्याला पकडता येईल अशी. छताची जाळी आणि फांदी यांत २० ते २३ सेंटिमीटर अंतर ठेवा. प्राण्याची पाठ फांदीच्या ५-७ सेंटिमीटर वर येते, म्हणजे पाठ जाळीपासून सुमारे १५ सेंटिमीटरवर. ५-६% नळी, चांगला रिफ्लेक्टर आणि नेहमीची जाळी असेल तर इथे यूव्हीआय ३ च्या आसपास मिळतो.

‘आसपास’ म्हणण्याचं कारण जाळी. तिच्या विणीप्रमाणे ती यूव्हीबीचा तिसरा हिस्सा ते निम्मा हिस्सा अडवते. डास अडवायची बारीक जाळी असेल तर आणखी. कुणाचा तरी ‘आमच्याकडे २० सेंटिमीटरवर ३ येतो’ हा आकडा तुमच्या पिंजऱ्यात जसाच्या तसा लागू होईल असं नाही. रिफ्लेक्टर नसेल तर वर जाणारा प्रकाश वाया जातो आणि आकडा निम्म्यावर येऊ शकतो.

आता एक धोका. शॅमेलिऑन छताच्या जाळीला उलटा लोंबकळतो. ही त्याची आवडती सवय, विशेषतः नव्या जागेत. त्या वेळी त्याचं पोट आणि पाय दिव्यापासून एका बोटावर असतात आणि तिथला यूव्हीआय फांदीवरच्या दुप्पट-तिपटीहूनही जास्त असू शकतो. उबेचा बल्ब शेजारीच असेल तर तिथे चटका बसून जखम होते. म्हणून पट्टी आणि बल्ब जाळीला टेकवू नका; खाली ५ ते ८ सेंटिमीटरचे लाकडी ठोकळे द्या आणि तेवढीच फांदी वर घ्या, म्हणजे दिवा ते पाठ हे अंतर तेच राहतं. छताकडे थेट जाणाऱ्या उभ्या फांद्याही काढून टाका.

फांदीच्या एका टोकाला मोकळी जागा, दुसऱ्या टोकाला दाट पानं. मनी प्लांट, जास्वंद, अंब्रेला प्लांट, यांतलं काहीही चालेल, कीटकनाशक न फवारलेलं. एक जाड पान यूव्हीबी जवळपास पूर्ण थांबवतं, तेव्हा सावली म्हणजे खरी सावली. पण उत्साहाच्या भरात फांदीच्याच वर वेल चढू देऊ नका. तीन महिन्यांत वेल दिव्याखाली छत्री धरते आणि खालचा आकडा गुपचूप अर्ध्यावर येतो. हे फार घरांत होतं.

शॅमेलिऑनच्या पिंजऱ्यात दिवसातून दोन-तीनदा पाणी फवारावं लागतं, म्हणजे पाणी आणि वीज शेजारी आली. वायर बोर्डाकडे जाण्याआधी खाली झोळीसारखी सोडा, म्हणजे ओघळणारं पाणी त्या झोळीतून खाली टपकेल, सॉकेटमध्ये शिरणार नाही. घरात ईएलसीबी, म्हणजे विजेची गळती होताच प्रवाह तोडणारा स्विच, नसेल तर निदान या बोर्डापुरता बसवून घ्या. बोअरच्या जड पाण्याने नळीवर आणि जाळीवर पांढरे डाग साचतात. तेही किरण अडवतात. दिवा बंद करून, गार झाल्यावर, पंधरा दिवसांतून एकदा ओल्या आणि मग कोरड्या फडक्याने पुसा.

दिवसाला १२ तास चालू, १२ तास बंद, टायमरवर. रात्री पूर्ण अंधार. लाल किंवा निळा नाइट बल्ब नको, शॅमेलिऑनला तो दिसतो आणि झोप मोडते. वीज वारंवार जाते अशा गावी फिरत्या तबकडीचा टायमर मागे पडत जातो. बॅटरी असलेला डिजिटल घ्या. लोडशेडिंगमध्ये दिवा चार तास किंवा एखादा दिवसही बंद राहिला तर घाबरायचं कारण नाही. ड जीवनसत्त्व शरीरात आठवडेच्या आठवडे टिकतं.

मोजणं

या कामासाठी जगभर वापरतात ते सोलरमीटर ६.५. ते थेट यूव्हीआय दाखवतं. ६.२ क्रमांकाचं मीटर वेगळं माप देतं, आणि त्यावरून या लेखातले आकडे पडताळता येणार नाहीत. बाजारातली स्वस्त यूव्ही कार्डं, रंग बदलणारे मणी आणि मोबाइलची ॲप यांवर विसंबू नका. मणी यूव्हीएनेही रंगतात. मीटर महाग आहे, बहुतेक वेळा पूर्ण दिव्याच्या संचापेक्षाही महाग. तीन-चार जणांनी मिळून एक घेतलं तरी पुरतं, कारण ते रोज लागत नाही.

दिवा लावून अर्धा तास थांबा, नळी तापल्याशिवाय पूर्ण जोर देत नाही. प्राणी बाजूला घ्या. मीटरचं तोंड नळीकडे करून ते फांदीच्या ६ सेंटिमीटर वर धरा आणि आकडा लिहा. मग दर १० सेंटिमीटरला डावीकडे, उजवीकडे आणि खाली मोजत जा. कागदावर पिंजऱ्याचं चित्र काढून त्यावर आकडे लिहिले तर ऊन कुठे आणि सावली कुठे ते एका नजरेत दिसतं. आणखी एक मोजमाप विसरू नका: छताच्या जाळीला लागून आतल्या बाजूने. तिथे ७ च्या वर आकडा आला तर दिवा उचला.

नवी नळी पहिल्या शंभर तासांत थोडी उतरते आणि मग स्थिरावते. त्यामुळे पहिल्या दिवशी ३.५ आला तर लगेच फांदी खाली नेऊ नका, दहा दिवसांनी पुन्हा मोजा. त्यानंतर महिन्यातून एकदा पुरे. नळीचा दिसणारा उजेड वर्षानुवर्षं टिकतो, पण आतला लेप आणि काच झिजून यूव्हीबी उतरत जातं. ठरवलेल्या जागी आकडा २ च्या खाली गेला की नळी बदलायची. मीटर नसेल तर टी-५ एचओ दर १२ महिन्यांनी आणि टी-८ दर ६ महिन्यांनी बदला. बसवल्याची तारीख नळीच्या टोकाशी मार्करने लिहून ठेवा.

ऊब

उबेसाठी साधा ४० किंवा ६० वॅटचा बल्ब किंवा हॅलोजन, पट्टीच्या अगदी शेजारी, म्हणजे दोन्हींचा झोत एकाच फांदीवर पडेल. पॅन्थर आणि येमेनी नर यांना फांदीवर २९-३० अंश सेल्सिअस, येमेनी मादीला २७-२८. मादीला जास्त ऊब आणि जास्त खाणं मिळालं की ती अंडी फार घालते आणि खंगते. तापमान पाठीच्या उंचीवर, वायरच्या टोकाचा डिजिटल थर्मामीटर लावून बघा.

हे आकडे थंड देशातल्या घरांसाठी दिवसभराचे असतात. नागपूर-अकोल्याच्या उन्हाळ्यात खोलीच ३५ वर असते तेव्हा उबेचा बल्ब पूर्ण बंद ठेवा. तिथे प्रश्न गारव्याचा आहे, कूलर आणि भरपूर फवारणीचा. यूव्हीबी नळी मात्र चालूच राहील. पुण्यात हिवाळ्यात सकाळी दोन तास बल्ब पुरतो. प्राणी तोंड उघडून, अंग फिकट करून बसला तर त्याला उकडतंय. गडद रंग करून, अंग चपटं करून बाजू दिव्याकडे वळवली तर त्याला ऊब हवी आहे.

खरं ऊन

कुठल्याही नळीपेक्षा ऊन चांगलं, आणि ते आपल्याकडे मुबलक आहे. पण बंद खिडकीच्या काचेतून येणाऱ्या उन्हात उष्णता असते, यूव्हीबी नसतं. काचेची टाकी उन्हात ठेवली तर पंधरा मिनिटांत ती भट्टी होते. हे कधीही करू नका. बाहेर न्यायचा तो जाळीचा पिंजरा, आणि त्याचा निम्मा भाग पानांनी किंवा कापडाने झाकलेला.

बाळाला न्हाऊ घालून सकाळच्या कोवळ्या उन्हात धरायची आपली रीत आहे. पण अगदी सूर्योदयानंतरच्या तिरप्या उन्हात यूव्हीबी फार थोडं असतं, वातावरणाच्या जाड थरात ते गाळलं जातं. वेळ ठरवायला स्वतःची सावली बघा. सावली उंचीच्या दुप्पट असेल तर निरभ्र आकाशात यूव्हीआय साधारण २. दीडपट झाली की ३ च्या जवळ. शॅमेलिऑनला बाहेर ठेवायची हीच वेळ, अर्धा तास, सोबत कुणीतरी बसून. कावळे आणि मांजरी वाट बघत असतात. सावली पायाखाली यायला लागली की आत. पावसाळ्यात कोकणात तीन महिने ऊन भरवशाचं नसतं, तेव्हा उन्हाच्या नादाने घरातली नळी काढून ठेवू नका.

पावडर, आणि बिघडलं तर

यूव्हीबी नीट असेल तर रोजच्या किड्यांवर ड-३ नसलेल्या कॅल्शियमची हलकी भुकटी, आणि महिन्यातून दोनदा ड-३ व अ जीवनसत्त्व असलेली मल्टिव्हिटॅमिन. किडा पांढराफटक दिसेपर्यंत लोळवायचा नाही. नाकतोडे-झुरळांत फॉस्फरस कॅल्शियमपेक्षा कितीतरी जास्त असतो, म्हणून ही भुकटी टाळता येत नाही; दिवा कॅल्शियम बनवत नाही, फक्त ते वापरायला शिकवतो.

यूव्हीबी जास्त झालं तर प्राणी दिवसा डोळे मिटून बसतो, पापण्या सुजतात, तुऱ्यावर किंवा पाठीवर काळपट डाग येतात, आणि तो सतत पानांच्या खाली दडतो. दिवा लगेच उचला, आकडा मोजा. मात्र डोळे मिटणं हे अ जीवनसत्त्वाच्या कमतरतेचं किंवा पाणी कमी पडल्याचंही लक्षण आहे, त्यामुळे दिवा सुधारून दोन-तीन दिवसांत फरक पडला नाही तर पशुवैद्याकडे न्या.

हाडं वाकलेली दिसली तर घरगुती उपाय करत बसू नका. एक्स-रे आणि रक्तातलं कॅल्शियम पाहून औषध सरपटणाऱ्या प्राण्यांची माहिती असलेला पशुवैद्यच देईल. आणि ‘कमी पडलं म्हणून आता दुप्पट’ असं करून दिवा जवळ आणू नका. अशक्त प्राण्याला दिव्याखालून सरकताही येत नाही. आजवर यूव्हीबी न मिळालेल्या प्राण्याला फांदीवर १ पासून सुरुवात करा आणि दोन-तीन आठवड्यांत ३ वर आणा. पिंजऱ्यातल्या फांद्या खाली घ्या, तळाशी मऊ कापड घाला, कारण पकड सुटून पडला तर त्या ठिसूळ पायांचं हाड मोडतं. वाकलेली हाडं पुन्हा सरळ होत नाहीत, पण ती घट्ट होतात, जीभ पुष्कळदा पुन्हा चालायला लागते आणि असा प्राणी पुढे कित्येक वर्षं नीट जगू शकतो.

जुनी नळी बदलताना ती फोडू नका किंवा कचऱ्याच्या डब्यात टाकू नका, तिच्यात पारा असतो. नव्या नळीच्या खोक्यात घालून ई-कचरा घेणाऱ्या केंद्राकडे द्या. चुकून फुटलीच तर प्राण्याला आणि घरातल्यांना खोलीबाहेर काढा, खिडक्या उघडा, पंधरा मिनिटं थांबा, आणि तुकडे जाड कागदाने गोळा करा. झाडू किंवा व्हॅक्यूम क्लीनर फिरवू नका, त्याने पारा खोलीभर पसरतो.